दाराची कडी

पोलंडात आल्यावर पहिले काही महिने मला वाटे, की हे लोक दिवसभर ताकच मागत असतात. दुकानातली बाई विचारी, "पिशवी हवी का?" पुढचा गृहस्थ म्हणे, "ताक." ट्रॅममध्ये कोणी भ्रमणध्वनी कानाला लावला, की सुरू, "ताक, ताक, ताक..." रवीने घुसळल्यासारखे. पुढे कळले, की पोलिश भाषेत ताक म्हणजे 'हो'. तसेच पान म्हणजे गृहस्थ आणि पानी म्हणजे बाई. कोणी मला "पानी" अशी हाक मारली, की मी तांब्या आणायला उठावे, एवढेच काय ते बाकी होते. आणि खरोखरीचे ताक हवे असेल तर? त्याला म्हणायचे 'माश्लांका'!

आम्ही २०१४ साली इथे आलो. ह्यांची नोकरी संगणकाची. आज त्या नोकऱ्या जिथे नेतील तिथे माणसे जातात. पूर्वी रेल्वेतला माणूस भुसावळला जाई, तसे आम्ही व्रोत्स्वाफला आलो. शहर ओद्रा नदीच्या काठी आहे. नदीला इतके फाटे, की पूलच शंभरावर. रस्त्याच्या कडेला कुठे दिव्याच्या खांबाला लटकलेला, कुठे दुकानाच्या उंबऱ्याशी निजलेला वीतभर उंचीचा ब्राँझचा बुटका दिसतो. असे शेकडो बुटके शहरभर आहेत आणि आमची लेक लहानपणी प्रत्येकाला "कसा आहेस?" म्हणून विचारल्याशिवाय पुढे सरकत नसे. तेही मराठीत.

माझे माहेर बुलढाणा जिल्ह्यातले धामणगाव बढे. 'बढे' हे आवर्जून सांगावे लागते. नाहीतर लोक अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वेला नेऊन सोडतात. माझ्या लग्नाच्या वेळी एका पाहुण्यांचे असेच झाले होते. ते अक्षता पडून गेल्यावर, रात्री जेवायला पोहोचले. आमच्याकडे रेल्वे नाही. मलकापूरला आगगाडीतून उतरावे आणि मोताळ्यावरून एस.टी.ने यावे. अजिंठ्याच्या डोंगररांगा, काळी जमीन, कपाशी आणि मका. गावात आमचे धाब्याचे घर. पुढे ओसरी आणि सागवानी दार. त्या दाराची लोखंडी कडी लावताना असा काही खणखणाट होई, की कोण घरात आले, कोण बाहेर गेले, हे आळीला न सांगता कळे. संध्याकाळी आईचा आवाज यायचा, "पोरी, दार लोटून घे वं, कुत्रं शिरन!"

इथली दारे आवाज करीत नाहीत. त्यांना दुहेरी काचा, रबराच्या पट्ट्या. डिसेंबरात दुपारी चारला अंधारते, आणि एकदा दार मिटले, की बाहेर जग आहे की नाही असा प्रश्न पडतो. पहिल्या हिवाळ्यात मी खिडकीशी बसून रडत असे. मात्र एक गोष्ट पहिल्या दिवसापासून आवडली. इथे कोणाच्या घरी गेले, की जोडे दाराशी काढतात. मला वाटले, चला, ही माणसे आपल्यातली दिसतात.

समोरच्या बिऱ्हाडात एक आजी एकट्या राहतात. आमची लेक त्यांना 'बाब्चा' म्हणजे आजी म्हणते, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांची नि माझी ओळख झाली ती माझ्या फजितीमुळे. इथे वाढदिवसाइतकाच नावाचा दिवस साजरा करतात. बाब्चांचा नावाचा दिवस आहे असे कळले. फुलांच्या दुकानात शेवंतीच्या टपोऱ्या कुंड्या मांडल्या होत्या. मला आमच्याकडची लक्ष्मीपूजनाची शेवंती आठवली. मी त्यातली सगळ्यांत मोठी कुंडी उचलली आणि त्यांच्या दारात उभी राहिले.

त्यांनी दार उघडले. कुंडीकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "पानी, मी अजून मेले नाही."

पोलंडात शेवंती थडग्यावर वाहतात! माझा चेहरा पाहून त्यांना हसू आवरेना. मला त्यांनी ओढून आत नेले आणि पिएरोगी खायला घातल्या. पिएरोगी म्हणजे आपली उकडलेली करंजी. आत बटाटा आणि पनीरासारखा त्वारूग. त्यावर परतलेला कांदा. मला त्या दिवशी त्यात ठेचा तेवढा कमी वाटला. पुढच्या वेळी मी तो घेऊन गेले. बाब्चांनी चाखला, डोळ्यांतून पाणी आले, आणि म्हणाल्या, "ताक!"

भाषा मी त्यांच्याकडेच शिकले. त्यांचा 'ओग्येन' म्हणजे आपला अग्नी. 'दिम' म्हणजे धूर, धूम. 'ब्रात' म्हणजे भ्राता. द्वा, त्शी, च्तेरी म्हणजे दोन, तीन, चार. कधीकाळी एकाच चुलीवर शिजलेले शब्द असावेत असे वाटे. एकदा त्या आपल्या यजमानांचा फोटो पुसता पुसता म्हणाल्या, "मी व्दोवा आहे." अर्थ विचारावा लागला नाही. विधवा. एवढ्या दूर येऊनही हा शब्द मात्र जवळजवळ तसाच राहिला होता.

इथे नाताळच्या आदल्या संध्याकाळी घराघरांत मोठे जेवण असते. बारा पदार्थ, त्या दिवशी मासे चालतात, मांस चालत नाही. टेबलावरच्या पांढऱ्या कापडाखाली थोडे वाळलेले गवत पसरतात, येशूच्या गोठ्याची आठवण म्हणून. आणि एक ताट जास्तीचे मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. बाब्चांचा मुलगा दुसऱ्या शहरात असतो. एका वर्षी बर्फामुळे तो येऊ शकला नाही, म्हणून त्यांनी आम्हां तिघांना बोलावले. चार ताटे पुरी झाली, तरी पाचवे मांडलेलेच. लेकीने विचारले, "हे कोणाचे?" त्या म्हणाल्या, "जो येईल त्याचे. माझी आई म्हणायची, आपणही एकदा कोणाच्या तरी दारी अवचित आलो होतो."

त्या रात्री त्यांनी सारी हकीकत सांगितली.

त्यांचे घर ह्या शहरातले नव्हे. ल्वूफ शहराजवळच्या एका गावातले. ते शहर तेव्हा पोलंडात होते, आज युक्रेनमध्ये आहे आणि त्याला ल्वीव म्हणतात. सप्टेंबर १९३९मध्ये पश्चिमेकडून जर्मन आणि पूर्वेकडून रशियन सैन्य पोलंडात शिरले. एप्रिल १९४०मध्ये एका रात्री शिपाई दारात आले. वडिलांना आधीच नेले होते. घरात आई आणि तीन वर्षांची ही. आवरायला अर्धा तास. आईने सकाळच्या पावासाठी पीठ मळून ठेवले होते, ते तसेच राहिले. पोर कडेवर, बोचके पाठीवर. मालगाडीतून कित्येक दिवस प्रवास करून माणसे कझाकस्तानच्या माळावर उतरवली.

"आई शेवटपर्यंत एकच म्हणायची," बाब्चा म्हणाल्या. "घर गेले ह्याचे नाही, माणसे गेली ह्याचेही ती बोलत नसे. म्हणायची, 'मी निघताना दार लावले की नाही, तेच आठवत नाही.' सत्तरीत, तापात, उठून बसायची. 'वारा येतोय, दार उघडे राहिलेय.'"

माझ्या कानात आमच्या दाराची कडी खणखणली.

युद्ध संपले तेव्हा सीमाच सरकल्या होत्या. ल्वूफ रशियाकडे गेले, आणि जर्मनांचे ब्रेस्लाउ शहर पोलंडाला मिळून त्याचे व्रोत्स्वाफ झाले. इथल्या जर्मनांना बाहेर काढले, आणि पूर्वेकडून उठवलेल्या पोलिश माणसांना त्यांच्या घरांत आणून बसवले. १९४६ साली बाब्चा आईबरोबर इथे आल्या तेव्हा स्वयंपाकघरात चिनीमातीच्या बरण्या ओळीने उभ्या होत्या. मीठ, साखर, पीठ. सगळी नावे जर्मनमध्ये. "आई त्या बरण्या वापरायची, पण कित्येक वर्षे तिने बोचके पुरते सोडले नाही. म्हणायची, ज्यांचे घर आहे ते येतील." पश्चिम जर्मनीने ह्या नव्या सीमेला मान्यता देणारा करार केला तो १९७० साली. तोवर असे बोचके किती घरांत बांधलेले असेल कोण जाणे! ह्या शहराच्या भर चौकात फ्रेद्रो नावाच्या नाटककाराचा पुतळा आहे, तोही ल्वूफहून उचलून आणलेला. १९५६ साली इथे बसवला. माणसेच नव्हे, पुतळेसुद्धा निर्वासित.

मग बाब्चांनी एक डबा काढला. त्यात एक फोटो होता. लांबच लांब बैठी बराक, पुढे केळीचे झाड, आणि झाडाशी पांढऱ्या झग्यातली एक तरुण मुलगी. "ही माझी मावशी. तिला दुसऱ्या गाडीने नेले होते. ती रशियातून इराणला सुटली, आणि पुढे कुठे तरी उष्ण देशात गेली. युद्धानंतर तिने इंग्लंडहून हा फोटो पाठवला." मी फोटो उलटला. मागे फिकट शाईत, रोमन लिपीत लिहिले होते: वळिवडे-कोल्हापूर, १९४५.

मला क्षणभर काही बोलता येईना. कोल्हापूर! मी ह्यांना हाक मारली. मग आम्ही दोघांनी मिळून बाब्चांना समजावले. नकाशा काढला. कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या बाजूला वळिवडे गावी १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुले. त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, नाटके होत. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. ती माणसे गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित राहिले, आणि आज तिथे गांधीनगर ही कापडाची मोठी बाजारपेठ आहे. बाब्चा सारे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारले, "तिथली माणसे कशी आहेत?"

मी म्हटले, "तिखट खातात."

त्या म्हणाल्या, "म्हणजे तुझ्यासारखी," आणि फोटो पुन्हा डब्यात ठेवण्याऐवजी त्या पाचव्या, रिकाम्या ताटाशी टेकवून ठेवला.

फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाला. आमच्या स्टेशनावर गाड्या भरभरून बायका-मुले उतरू लागली. एके संध्याकाळी बाब्चांच्या बिऱ्हाडातून लहान मुलाचे रडणे ऐकू आले. त्यांनी एका मायलेकरांना आपली आतली खोली दिली होती. ती बाई ल्वीवची. म्हणजे ज्या शहरापासून ह्यांना उठवले, तिथलीच. मी भीत भीत विचारले, "बाब्चा, तुम्हांला काही वाटले नाही?"

"वाटले ना," त्या म्हणाल्या. "मी तिला पहिल्यांदा तेच विचारले, निघताना दार लावलेस का म्हणून. तिने खिशातून किल्ली काढून दाखवली. मला बरे वाटले." ती मायलेकरे सात महिने राहिली, आणि पुढे परत गेली.

आता माझ्या दाराविषयी सांगते.

अण्णा आमचे आधीच गेले होते. आई २०२३च्या पावसाळ्यात गेली. मी पोहोचले तेव्हा तिसरा दिवस होता. दिवसकार्य झाले, आणि मला लगेच परतावे लागले. पुढच्या वर्षी, २०२४च्या गणपतीच्या सुमारास, धाकट्या भावाचा फोन आला. आम्ही त्याला बापू म्हणतो. तो पुण्याला असतो. म्हणाला, "ताई, घराला गिऱ्हाईक आहे. तू हक्कसोडपत्राला मुखत्यारपत्र पाठवून दे. वॉर्साला वकिलातीत सही करून मिळते. दिवाळीपर्यंत होईल का?"

त्याचे काही चुकले नव्हते. २००५च्या कायद्याने मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला, पण आमच्याकडे अजून बहुतेक बहिणी हक्कसोड लिहून देतात. भाऊबीज तुटू नये म्हणून देतात. मलाही पैसे नको होते. घर ओस पडले होते. धाब्यावर गवत वाढले होते. तरीसुद्धा तो कागद छापून टेबलावर ठेवला, की माझा हात पुढे होईना. 'मी माझा हक्क स्वखुशीने कायमचा सोडीत आहे.' वाक्य साधे आहे. मी ते रोज वाचीत होते. हे म्हणाले, "नको असेल तर नाही म्हण." पण मला नाहीही म्हणायचे नव्हते. बापूचा दर आठवड्याला फोन येई, आणि दर आठवड्याला आमचे बोलणे थोडे अधिक कोरडे होई. एकदा तो म्हणाला, "तुला काय, तू तिकडे आहेस." त्या रात्री मला झोप आली नाही.

अशात दिवाळी आली. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते, आणि १ नोव्हेंबर हा पोलंडात मृतांच्या स्मरणाचा दिवस. सारा देश त्या दिवशी स्मशानात जातो. ट्रॅमच्या जादा गाड्या सोडतात. बाब्चांचा गुडघा धरला होता, मुलगा दुसऱ्या दिवशी येणार होता. त्यांनी विचारले, "तू मला सोबत करशील?"

मी सासूबाईंना हे फोनवर सांगितले, तर त्या जवळजवळ ओरडल्याच. "लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मसणात? कोणाच्या घरी अशी रीत असते?" मलाही मनातून तेच वाटत होते. पण मग आठवले, की धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून यमाचा दिवा आपणही लावतोच. आकाशदिवा टांगायचा, तोसुद्धा गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून, असे आई सांगे. मी शेवंतीची कुंडी घेतली, ह्या खेपेला न चुकता, आणि बाब्चांचा हात धरून ओसोबोवित्सेच्या ट्रॅममध्ये चढले.

मी आयुष्यात अशी दिवाळी पाहिली नव्हती. चार वाजून गेले होते, उजेड मावळत होता. नजर पोचेल तिथवर थडगी, आणि प्रत्येकावर रंगीत काचेतले दिवे. तांबडे, पिवळे, हिरवे. माणसे हळू आवाजात बोलत होती, मुले दिवे लावत होती. एका कोपऱ्यात, ज्यांचे कोणी उरले नाही त्यांच्यासाठीही लोकांनी दिवे ठेवले होते. हवेत मेणाचा आणि ओल्या पानांचा वास. बाब्चांनी आपल्या आईच्या दगडावरची पाने हाताने झाडली. मी दिवा लावला. त्या खाली वाकून काही तरी पुटपुटल्या. मी विचारले, "काय म्हणालात?"

"दरवर्षी म्हणते तेच. आई, दार लागले आहे, नीज."

खोटेच होते ते. त्या दाराचे काय झाले हे कोणालाच ठाऊक नाही. तिथे उभी असताना मला टेबलावरच्या त्या कागदाचा अर्थ लागला. मला घर नको होते. मला वाटाही नको होता. माझ्या पाठीमागे, माझ्या नुसत्या सहीने, ते दार कोणी तरी लावून घेणार होते, आणि ते मला सोसत नव्हते. ह्या बाईच्या आईला अर्धा तास मिळाला. मला विमान होते, सुट्टी होती, भाऊ होता. दार आपल्या हातांनी लावून निघायला मिळणे हे केवढे भाग्य, आणि मी ते टपालाने पाठवून द्यायला निघाले होते.

घरी येऊन डोक्यावरून स्नान केले, त्यामुळे सासूबाईंचेही मन राहिले. मग पूजा केली.

भाऊबीजेला बापूचा फोन आला. पडद्यावरूनच ओवाळले. मग मी म्हटले, "बापू, हक्कसोड मी लिहून देत नाही." तो गप्प झाला. मी पुढे म्हटले, "घर विकू. त्याच गिऱ्हाईकाला विकू. पण दोघे मिळून जाऊ, दोघे सह्या करू, आणि एक रात्र तिथे राहू. दार आपण दोघांनी लावायचे."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, आई गेल्यापासून मी आत पाऊलच टाकलेले नाही. दोनदा गेलो, ओसरीवरून परत आलो. एकट्याला धीर होईना, म्हणून घाई करत होतो."

जानेवारी २०२५मध्ये आम्ही गेलो. शेजारच्या काकूंनी कळण्याच्या भाकरी आणि वांग्याचे भरीत आणून दिले. दोन दिवस झाडलोट केली. आईच्या पातेल्यांवर तिचे नाव होते. ती आम्ही वाटून घेतली, आणि मांड्यांचे खापर काकूंना दिले. पैशांची वाटणी दोन मिनिटांत झाली. त्यात भांडण झाले नाही, ह्याचे श्रेय आईबापांना. मोताळ्याला जाऊन सह्या केल्या. घर घेणारे गावातलेच तरुण जोडपे. तिच्या कडेवर वर्षाचे पोर होते. तिने मला ओसरीवर बसवले आणि तांदूळ, नारळ, खण घालून माझी ओटी भरली. म्हणाली, "ताई, माहेर हाये हे तुमचं. येत जा." मला रडू आवरले नाही. बापूलाही.

निघताना मी दार ओढून घेतले. त्याने कडी लावली. खणखणाट झाला. आळीतून एक म्हातारा माणूस डोकावला. कोण बाहेर गेले ते पाहायला. मग किल्ली आम्ही त्या मुलीच्या हातात दिली.

व्रोत्स्वाफला परतले तेव्हा बाहेर बर्फ पडत होते. जोडे दाराशी काढून बाब्चांकडे गेले. त्यांनी बीटाचे ऊन ऊन सूप पुढे ठेवले. प्रवास कसा झाला, विमानात काय दिले, काही विचारले नाही. चमचा हातात देत एवढेच म्हणाल्या, "दार लावलेस?"

मी म्हटले, "ताक."